हळदीची पाच बोटं

१

शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता भगीरथ विशे यांनी बातम्या लावल्या आणि पडद्याचा खालचा भाग उजळलाच नाही. डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे पसरलेला, वीतभर उंच काळा पट्टा. वर निवेदिका बोलत होती आणि तिच्या गळ्याखाली अंधार होता. टीव्ही पंचावन्न इंची. शहापूरच्या बाजारपेठेमागच्या नव्या वसाहतीत, विशे यांच्या दिवाणखान्यात तो चार महिन्यांपूर्वी लागला होता.

रविवारी सकाळी नऊ वाजता ठकी आगीवले नेहमीप्रमाणे कामाला आली. वय पंचावन्नच्या आसपास, राहायला खर्डीजवळच्या ठाकर आदिवासींच्या पाड्यावर. या वसाहतीत पाच घरची धुणीभांडी आणि झाडपूस ती सहा वर्षं करत होती. तिने चपला बाहेर काढल्या, आत पाऊल टाकलं आणि तिच्यासमोर एक कागद धरण्यात आला.

भगीरथराव मुरबाडच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. कामगाराकडून काही मोडलं की खुलासा लिहून त्याची सही घ्यायची, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. कागदावरच्या सुवाच्य अक्षरातल्या तीन ओळींचा अर्थ असा होता: मी, ठकी मंगळू आगीवले, विशे यांच्या घरातील टीव्हीचा पडदा भांडी घासायच्या राखेने घासला, त्यामुळे तो बिघडला, ही माझी चूक मला मान्य आहे. खाली अंगठ्यासाठी जागा सोडलेली.

"मी नाय घासला," ठकी म्हणाली. "राख मी माझ्या घरी वापरतंय. तुमच्याकडं तुमचाच साबण असतो."

"मग कोणी घासला? मी?" भगीरथराव म्हणाले.

ठकीने अंगठा दिला नाही. अकरा वाजेपर्यंत मैनाबाईंनी, म्हणजे भगीरथरावांच्या पत्नीने, बाकीच्या चारही घरी फोन केले. दुपारपर्यंत चारही घरांतून ठकीला निरोप आला: उद्यापासून येऊ नकोस.

भगीरथरावांनी तिला एक दिवसाची मुदत दिली. सोमवारी कंपनीचा मेकॅनिक येणार होता. त्याच्यासमोर अंगठा द्यायचा, नाहीतर संध्याकाळी पाच वाजता तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात.

२

सोमवारी अकराला स्कूटरवरून जी आली ती पस्तिशीची बाई होती. पाठीवर पिशवी, गळ्यात ओळखपत्र.

"मेकॅनिक कुठाय?" भगीरथरावांनी तिच्या मागे पाहिलं.

"आलाय. आत येऊ का?"

शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या तक्रारी पल्लवी रोकडे नऊ वर्षं पाहत होती. हा प्रश्न तिला आठवड्यातून तीनदा विचारला जाई. पुढचाही तिला पाठ होता.

"रोकडे म्हणजे कुठल्या?"

"मुरबाडच्या."

"तसं नाही, म्हणजे…"

"मुरबाडच्याच," ती म्हणाली आणि टीव्हीकडे वळली.

ठकी दाराशी उकिडवी बसली होती. सोफ्यावर मैनाबाई, स्वयंपाकघराच्या दारात सून रुचिता. मुलगा शेखर कामावर गेला होता. भगीरथरावांनी पल्लवीच्या हातात तो कागद दिला. "कारण लिहून तयार आहे. तुम्ही फक्त रिपोर्टात तसंच टाका. हिचा अंगठा घेतला की विषय संपला."

पल्लवीने कागद वाचला. वरच्या कोपऱ्यातली तारीखही वाचली आणि काही न बोलता तो आपल्या वहीत ठेवला.

"टीव्ही बंद आहे ना? प्लगही काढा," ती म्हणाली. "गरम पडद्याला मी हात लावत नाही. आणि पडदे ओढून घ्या खिडक्यांचे. काळ्या काचेवर काय आहे ते अंधारातच दिसतं."

दहा मिनिटांनी तिने छोटी बॅटरी काढली आणि प्रकाश पडद्यावर आडवा टाकला, काचेला जवळजवळ चिकटवून. मग सगळ्यांना जवळ बोलावलं.

"राखेत बारीक खडे असतात. पितळेची परात उजळते ती त्यांच्यामुळे. पण हा पडदा म्हणजे परात नव्हे. याच्यावर पातळ लेप असतो. राखेचा एक हात फिरला असता तर इथे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसले असते. मोजा किती दिसतात."

कोणी मोजलं नाही. मोजण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणजे मग आपोआपच बिघडला?" मैनाबाईंचा चेहरा उजळला. "वॉरंटीत?"

पल्लवी गुडघ्यावर बसली. कान साफ करायची कापसाची काडी तिने पडद्याच्या खालच्या चौकटीच्या फटीत, डाव्या कोपऱ्यात, हलकेच सरकवली आणि बाहेर काढली.

कापूस लाल झाला होता.

३

"कुंकू," भगीरथराव लगेच म्हणाले. "दसऱ्याला पूजा झाली ना सगळ्या यंत्रांची."

गुरुवारी दसरा होता. सकाळी मैनाबाईंनी फ्रिज, मिक्सर, शेखरची गाडी, इन्व्हर्टर, सगळ्यांची पूजा केली होती. टीव्हीची अर्थातच.

"पण टीव्हीला मी कुंकू नाही लावलं," मैनाबाई म्हणाल्या. "कुंकवाचा डाग जात नाही म्हणून यंत्रांना मी नुसती हळदच लावते. ओल्या हळदीची पाच बोटं. खाली डाव्या कोपऱ्यात."

"काचेवर?"

"मग काय भिंतीवर? पूजा त्याची ना?"

पल्लवीला हसू आलं नाही. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिने अक्षतांनी बंद पडलेली वॉशिंग मशिनं पाहिली होती, आणि नारळाचं पाणी प्यालेला एक कॉम्प्युटरही.

"हळद तर पिवळी," ती म्हणाली. "हे लाल आहे. रुचिताताई, एक लिंबू देता?"

रुचिताने लिंबाची फोड आणली. पल्लवीने दोन थेंब कापसावर पिळले. लाल रंग किनारीपासून मागे हटत गेला आणि सगळ्यांच्या देखत कापूस पिवळाधमक झाला.

"अगंबाई," मैनाबाई म्हणाल्या.

दाराशी बसलेली ठकी मात्र चकित झाली नव्हती. "हळदीला साबू लागला का ती लाल होती," ती म्हणाली. "लिंबू लागला का परत हळद. धुणं करणाऱ्या बाईला विचारा ना, पण विचारतो कोण!"

"साबण!" भगीरथरावांनी बोट रोखलं. "ऐकलंत? साबण कोणाच्या हातात असतो या घरात? हिच्याच! राखेनं नाही तर साबणाच्या फडक्यानं पुसला. कागदात दोन शब्द बदलतो मी."

त्यांनी खिशातून पेन काढलंही. पल्लवीने वही मिटून हाताखाली धरली.

"थांबा," ती म्हणाली. "हळदीवर साबणाचं किंवा सोड्याचं पाणी पडलं. ते ओघळून फटीतून आत गेलं, आतली पट्टी दोन दिवस गंजत राहिली आणि शनिवारी पडदा गेला. एवढं नक्की. आता प्रश्न दोनच. ते पाणी कधी पडलं आणि कोणाच्या हातून."

४

तिने सगळ्यांना एकच विचारलं: तुम्ही हा पडदा कसा पुसता?

मैनाबाई पुसतच नव्हत्या. "ह्यांचा हुकूम आहे, हात लावायचा नाही. पूजेपुरतंच काय ते. आणि दसऱ्याच्या दिवशी लावलेली हळद मी कशाला पुसेन? नंतर दिसली नाही तर वाटलं, वाळून झडली असेल. गुरुवारी संध्याकाळी तर मी सोनं वाटायला बाहेर होते. सहाला गेले, नऊला आले. हे घरी होते. मोठ्या माणसांनी घरी थांबायचं, लोक येतात ना पाया पडायला."

रुचिता आणि शेखर गुरुवारी दुपारी बारालाच गाडी घेऊन मुरबाडला, रुचिताच्या माहेरी गेले होते. तिच्या बहिणीला बाळ झालं होतं. परतले ते रविवारी सकाळी. "आम्ही निघालो तेव्हा हळद होती," रुचिता म्हणाली. "मी तर फोटो काढलाय पूजेचा."

भगीरथरावांनी उत्तर उभ्यानं दिलं. "पुसायची एक पद्धत असते. प्रत्येक गोष्टीला असते. कारखान्यात मशीनच्या काचा आम्ही आठवड्याला पुसून घ्यायचो. आरशासारख्या."

"कशानं? माझ्याकडचं फडकं मळलंय," पल्लवी म्हणाली. "दिवाणखान्याच्या खिडक्या छान आहेत तुमच्या. कशानं पुसता?"

पाहुण्याने घराची टापटीप वाखाणली की भगीरथराव खुलत. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवला, लोखंडी कपाट उघडलं आणि एक फवाऱ्याची बाटली बाहेर काढली. बाटलीवर चिकटवलेल्या पट्टीवर त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: काच पुसणे. एक लिटर पाणी, एक चमचा धुण्याचा सोडा.

"बाजारातली बाटली कशाला? हे घरचं. कारखान्याचं प्रमाण आहे. फवारायचं, पुसायचं. डाग राहत नाही."

"ठकीबाई हेच वापरतात?"

"छे! हिला कुलपातली वस्तू देतो होय मी? बाटली कपाटात, चावी माझ्या कमरेला. रात्री झोपतानाही उशाखाली. मिसेसलासुद्धा मागावी लागते. हिला भांड्याच्या साबणाची वडी तोडून देतो, ती भांड्यांपुरतीच. कपड्यांची पावडर मिसेस स्वतः बादलीत टाकते. झाडपुशीला नुसतं पाणी. सहा वर्षांत हिला एक थेंब हाताळू दिला नाही मी."

पल्लवीने बाटली हातात घेऊन पट्टी वाचली आणि बाटली टेबलावर ठेवली.

"आता ठकीबाई," ती म्हणाली.

"तिला काय विचारायचं?" मैनाबाई म्हणाल्या.

"काल विचारलं होतं?"

पल्लवी दाराशी जाऊन ठकीच्या समोर जमिनीवर बसली. "शुक्रवारी तुम्ही आलात तेव्हा टीव्हीवर हळद होती?"

"नाय. कायच नव्हता. दसऱ्याला मना सुट्टी. शुक्रवारी नवाला आले तवा टीव्ही चकचकीत. मना वाटला, औंदा बाईंनी त्याला नुसती माळच घातली."

"तुम्ही पुसला?"

"सुक्या फडक्यानं वरची धूळ झटकली. खाली हात लावला असता, पण त्यो कोपरा वलसर दिसला. वलं काय असल तर मी हात लावत नाय. करंट मारतो."

"ओला कोपरा? कोणाला सांगितलंत?"

"ह्या दादांना सांगितला. दादा बोलले, तू तुझा काम बघ."

भगीरथराव खिडकीकडे बघत होते.

"आणि गो बाय," ठकी पुढे म्हणाली, "शनवारी धुण्यात दादांचा पंचा आला. त्याच्यावर हाताएवढा लाल डाग. अजून मी साबू लावलाच नव्हता, तरी लाल. मी मनात बोलले, ही हळद माझ्या आधी कोणी धुतली? लय घासला. गेला नाय."

५

"कुंकवाचा डाग असेल," भगीरथराव म्हणाले. "दसऱ्याला दहा जण येऊन टिळा लावून गेले."

"असेल," पल्लवी म्हणाली. "रुचिताताई, तो फोटो दाखवता?"

गुरुवार, सकाळचे अकरा पस्तीस. टीव्हीला झेंडूची माळ, खाली डाव्या कोपऱ्यात हळदीची पाच बोटं, ताजी आणि ओली.

"त्यानंतरचा काही आहे? या खोलीतला?"

"मी इथे नव्हतेच ना." रुचिता फोनवर बोट सरकवत होती. ती एकदम थांबली. "व्हिडिओ कॉल केला होता आईंना. बाळ दाखवायला. आई इतक्या हसल्या की मी तेवढं चित्र काढून ठेवलं."

तिने फोन सासूकडे दिला नाही. सरळ पल्लवीच्या हातात दिला. चित्रात मैनाबाई टीव्हीकडे पाठ करून बसल्या होत्या आणि हसत होत्या. त्यांच्या मागे भिंतीवरचा टीव्ही पूर्ण दिसत होता. माळ तशीच. हळद नव्हती.

शुक्रवार, सकाळचे सात चाळीस.

हिशेब इतका सोपा होता की तो बोलून दाखवायची गरज नव्हती. पण पल्लवीने तो बोलून दाखवला, कारण दाराशी बसलेल्या बाईचं नाव चार घरांत बोलूनच घालवलेलं होतं.

"गुरुवारी अकरा पस्तीसला हळद आहे. शुक्रवारी सात चाळीसला नाही. मधल्या वेळात ठकीबाई पाड्यावर आहेत. त्यांचं पाऊल या घरात पडतं नऊ वाजता. रुचिताताई आणि शेखरदादा मुरबाडला. घरात राहिली दोन माणसं. त्यातल्या मैनाताईंना हळद पुसायचीच नव्हती, आणि सोड्याची बाटली कुलपात. चावी कोणाच्या कमरेला, ते आता तुम्हीच सांगितलंत, दादा."

"मी…"

"ठकीबाईंवर विश्वास नाही म्हणून तुम्ही सगळं कुलपात घातलंत. त्या कुलपांनीच आज त्यांची साक्ष दिली. रुचिताताई, पंचा आणा."

पंचा घडी करून ठेवला होता. मधोमध तळहाताएवढा विटकरी डाग. लिंबाची उरलेली फोड टेबलावरच होती. पण पल्लवीने ती उचलली नाही. ती मैनाबाईंनी उचलली. त्यांनी ती पंच्यावर पिळली आणि आपली स्वतःची हळद परत येताना पाहत राहिल्या.

"गुरुवारी संध्याकाळी मी बाहेर गेल्यावर," त्या नवऱ्याला म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

भगीरथराव खुर्चीत बसले. "लोक येणार होते. नव्या टीव्हीवर ते पिवळे फराटे. दोनदा फवारलं फक्त. टीव्ही चालू होता, बातम्या होत्या. पुसून घेतलं पंच्याने. मला काय माहीत आत जाईल? चूक झाली. माणसाकडून चूक होत नाही?"

"होते," पल्लवी म्हणाली. "पडद्यावर कधी काही फवारायचं नसतं. बंद करून, गार झाल्यावर, मऊ कोरड्या कपड्यानं पुसायचा. डाग फारच असेल तर कपडा जरासा ओला करायचा, पडदा नाही. हे पुस्तिकेत पाचव्या पानावर आहे. बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यांना मी रागावत नाही."

तिने वही उघडली आणि तो कागद त्यांच्या समोर ठेवला.

"पण वरची तारीख बघा. शनिवारची आहे. प्रत्येक कागदावर तारीख घालायची सवय तुमची. टीव्ही शनिवारी साडेसातला गेला. त्यानंतर ठकीबाईंना तुम्ही पहिल्यांदा भेटलात रविवारी सकाळी नऊला. त्यांना एक शब्द विचारायच्या आधी, रात्रीच, तुम्ही त्यांची कबुली लिहून ठेवली होती. काळा पट्टा कुठून सुरू झाला ते तुम्ही बघितलंत आणि तुम्हाला त्याच क्षणी कळलं. गुरुवारी झाली ती चूक, दादा. शनिवारी केलंत ती चूक नव्हे."

६

पल्लवीने रिपोर्ट लिहिला. कारणाच्या रकान्यात: ग्राहकाने पडद्यावर थेट द्रव फवारला, वॉरंटी लागू नाही. भगीरथरावांनी सही केली. मग हळूच विचारलं, "नाव नाही ना टाकलंत?"

"नावाचा रकाना नाही," ती म्हणाली. "म्हणून ते तोंडानं सांगावं लागेल. काल सांगितलं तसंच."

"मी माफी मागतो ना तिची," भगीरथराव म्हणाले. "ठकी, झालं गेलं…"

"माझ्याशी काय बोलता," ठकी उठून उभी राहिली. "मना ठावच होता मी नाय केला. चार घरी ठाव नाय. फोन बाईंनी लावले व्हते. तेच लावू द्या. ती मोठा आवाज करायची कळ असते ना, ती दाबून."

मैनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग फोन उचलला.

पहिल्या घरी "बरं झालं बाई, मला तर भांडी घासून घासून कंबर धरली," असं उत्तर आलं. दुसऱ्या घरी, "मी म्हटलंच होतं." तसं त्यांनी म्हटलं नव्हतं. तिसरीने ठकीची चौकशी केली आणि उद्या लवकर ये म्हणून सांग, असा निरोप दिला.

चौथा फोन कोपऱ्यावरच्या बंगल्यात लागला. मैनाबाईंनी सांगितलं की ठकीने काही केलेलं नाही, आमचीच चूक होती.

"असू दे हो," फोनमधून आवाज आला, मोठा आणि मोकळा. "या वेळी नसेल केलं. पण ती लोकं तशीच. आज ना उद्या करणारच. तुम्ही फार मनाला लावून घेता."

दिवाणखान्यात सगळ्यांनी ते ऐकलं. ठकी दाराशी उभी होती, चेहऱ्यावर काहीही नव्हतं. रुचिताने खाली पाहिलं. भगीरथरावांनी हात पुढे करून फोन बंद करण्याची खूण केली.

मैनाबाईंनी फोन बंद केला नाही.

"ती लोकं तशी नाहीत, वहिनी. आमचे हे तसे आहेत. टीव्ही ह्यांनी बिघडवला आणि नाव तिचं लिहिलं. आणि मी काही न विचारता तुम्हाला फोन केला."

पलीकडून फोन कट झाला.

ठकीने दाराबाहेर जाऊन चपला घातल्या.

"उद्या येशील ना गं?" मैनाबाईंनी विचारलं.

"तीन घरी येईन," ठकी म्हणाली. "कोपऱ्यावरच्या बाईंकडं नाय, आन् तुमच्याकडं पण नाय."

पल्लवी स्कूटर चालू करत होती. "खर्डीला जायचंय ना? आसनगाव स्टेशनपर्यंत सोडते," ती म्हणाली.

"नको गो," ठकीने पदर खोचला. "आत्ता बारा वाजलेत. पहिल्या घरच्या बाईंची कंबर धरलीय. त्यांची भांडी घासूनच जाते."

आणि ती भर उन्हात, सगळ्यांच्या दारांसमोरून, वसाहतीच्या मधल्या रस्त्याने चालत गेली.